काकूच्या माळवदावरून आलेली वायर

माझ्या मायला नुसता फोन करून उपयोग नसतो. तिला जन्मापासून ऐकू येत नाही, त्यामुळे बोलताही येत नाही. मुक्या-बहिऱ्यांची शाळा, पुस्तकातल्या खुणा, हे काही तिच्या वाट्याला आलं नाही. आमच्याकडे ज्या खुणा चालतात त्या आधी तिच्या माहेरानं आणि मग आमच्या गावानं तिच्याबरोबर बसून केलेल्या. मिशीला पीळ दिला की माझा बाप. खांद्यावर उपरणं टाकलं की काका. हनुवटीला बोट लावलं की काकू, कारण तिच्या हनुवटीवर गोंदलेलं आहे. डाव्या भुवईवरून बोट ओढलं की मी. लहानपणी उंबऱ्यावर आपटून तिथं खोक पडली होती. आणि उजवा अंगठा डाव्या तळव्यावर दाबला की समजायचं, कुणाचं तरी शेत गेलं किंवा घर गेलं.

ही शेवटची खूण तिनं आमच्या वाटणीच्या दिवशी केली. मी आठवीत होतो, बाप नुकताच गेला होता. चार माणसं ओसरीवर बसून तोंडानं बोलत होती आणि मायला कुणी काही सांगत नव्हतं. मी सांगत होतो, जमेल तसं. शेवटी तिचा अंगठा घेतला, रस्त्याकडचं घर काकाकडे गेलं आणि मागची खोली आमच्याकडे आली. मधे भिंत उठली. त्या दिवसापासून दोन्ही घरांत अबोला. सणाला ताट नाही, लग्नाला अक्षता नाहीत. मी शाळा सोडली, कारण बाजारात, दवाखान्यात, रेशनच्या रांगेत मायचे कान म्हणून कुणीतरी पाहिजे होतं. पुढे तेवढ्यानं पोट भरेना, म्हणून मी कान घेऊन इकडे आलो आणि माय तिकडे राहिली, परभणीकडे.

इकडे म्हणजे बोनकोड्यात. कोपरखैरण्याच्या सोसायट्या संपल्या की एकदम गल्ल्या अरुंद होतात आणि वरून वायरी दिसायला लागतात. त्यातल्या बऱ्याच मी ओढलेल्या आहेत. एका केबलवाल्या शेठनं मला काही येत नसताना कामावर घेतलं, शिकवलं, काचेच्या केसाएवढ्या फायबरला जोड कसा मारायचा ते दाखवलं. त्याचे उपकार मी मानतो. पण त्याच्याच हाताखाली मी हेही शिकलो की पहिले काही महिने स्वस्तात द्यायचं, घरातल्या सगळ्यांना सवय लागू द्यायची आणि मग दर वाढवायचा. माणूस सोडत नाही. पोरं रडतात, सून तोंड फुगवते, शेवटी म्हातारा पैसे काढतो. त्यामुळे कुठंही ‘स्वस्त’ असं ऐकलं की मला आधी पुढचं दिसतं.

दिवसभर लोकांच्या घरात नेट चालू करून द्यायचं आणि संध्याकाळी खोलीवर येऊन मायचं अर्धं तोंड बघायचं, असं माझं चाललेलं. गावात टॉवरची रेंज धड नाही. व्हिडिओ लावला की माय दिसायची, हात उचलायची आणि तशीच थिजायची. हात हवेत, तोंड उघडं. पुन्हा हलायची तेव्हा गोष्ट संपलेली असायची. बोलणाऱ्या माणसाचं एखादं वाक्य तुटलं तर अंदाज बांधता येतो. खुणेचं तसं नसतं, मधलं हलणंच गेलं की राहतो तो नुसता हात.

सरकारी फायबर आमच्या ग्रामपंचायतीपर्यंत कधीच आलेलं. भिंतीवर एक पेटी होती, तिला कुलूप होतं आणि आत दिवा लागत नव्हता. रस्त्याकडेला उघडी पडलेली केबल लोकांनी कापून नेली, तांबं निघेल म्हणून. काचेचा धागा निघाला. मग तिच्या वरच्या काळ्या वेष्टनानं शेरडं बांधली. पुढे कुणीतरी पेटी दुरुस्त केली आणि पंचायतीच्या कट्ट्यावर फुकट वायफाय लागलं. माय तिथं जाऊन बसायला लागली.

आता चित्र थिजत नव्हतं. पण वेगळंच झालं. तिचे हात लहान झाले. एरवी माय बोलायला लागली की तिच्या आजूबाजूला वावभर जागा मोकळी लागायची. कट्ट्यावर ती पोटाशी हात धरून बोटं हलवायची, पदराच्या आडून. कारण तिच्या खुणा गावाला येतात. कट्ट्यावर वीस टाळकी बसलेली असतात, त्यांना सगळं कळत होतं. माय कुजबुजत होती. ‘बरं आहे’, ‘जेवलास का’, ‘बरं आहे’. दर वेळी तेवढंच. आणि माझ्या डोक्यात किडा पडला की ही काहीतरी सांगत नाही.

खालच्या मजल्यावर घरमालकीण राहते. मी तिला मावशी म्हणतो. इथलीच, आगरी. तिच्या सासऱ्यांची भातशेती होती, आज तिथं बँक आणि मिठाईचं दुकान आहे. माझ्याकडून तिनं अनामत घेतली नाही, आजारी पडलो तेव्हा पेज आणून दिली. एकदा माझ्या फोनात मायला बघून ती म्हणाली, “पोरा, तुजी आय घाबरलेली दिसते. कोन हाय तिकरं घरान?”

“कुणी नाही. चुलता आहे, पण बोलत नाही.”

“बोलत नाय तो बरा. बोलाया लागला का इचार कर.”

आणि त्याच आठवड्यात काकाचा फोन आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

“वळकलं का? काका बोलतोय.”

“बोला.”

“नेटवाला आल्ता. घराघरात देऊ लागलाय, स्वस्तात. तुझ्या मायच्या खोलीत वायर न्यायची तर माझ्या माळवदावरून न्यावी लागंल म्हनतो. मी म्हनलं न्हे बाबा, माझं काय जातंय.”

खरं म्हणजे त्या नेटवाल्याला मीच फोन केला होता. गावातलाच एक गडी, नवीन धंदा टाकलेला. त्यानं सांगितलं होतं की खांब रस्त्यावर आहे, मागच्या खोलीकडे जायला काकाच्या घरावरच्या मातीच्या माळवदाशिवाय वाट नाही. मी समजून चुकलो होतो की हे व्हायचं नाही. आणि काका आपण होऊन हो म्हणत होता.

“अन् वहिनीचा अंगठा लागतो म्हनतो मशिनवर, कनेक्शन तिच्या नावानं घ्यायला. मी घिऊन जातो तिला. तू टेन्शन घिऊ नको.”

माळवद, अंगठा, घेऊन जातो. कनेक्शनला अंगठा लागतो हे मला कुणी सांगायला नको, मी स्वतः लोकांचे घेतो. पण तो कशासाठी घेतला ते माझ्या गिऱ्हाइकाला वाचता येतं, विचारता येतं. माय कुणाला विचारणार? एक अंगठा मशिनवर, दुसरा शेजारच्या कागदावर, झालं. मागची खोली तेवढी उरली होती.

मावशीला सांगितलं तर ती भाजी निवडता निवडता थांबली. “आमच्या सासऱ्याला पन गारीत बसवून नेलेला. चा पाजला, भजी खायाला दिली. येताना म्हातारा खूश. मागून कललं काय झाला ते.”

मला सुट्टी मिळण्यासारखी नव्हती. गणपतीच्या आधी सगळ्यांना नवीन कनेक्शन हवी असतात, शेठ त्या दिवसांत जेवायलाही सोडत नाही. मी मायला व्हिडिओ लावला. ती नेहमीसारखी कट्ट्यावर. तिनं हात पोटाशी धरले, म्हणून मीही धरले. लहानशी खूण केली: खांद्यावर उपरणं, मग तळव्यावर अंगठा, मग नाही.

माय म्हणाली, काय? दिसत नाही.

मी पुन्हा केली, थोडी मोठी.

तिनं फोन डोळ्याशी आणला. अजून मोठी कर.

मी वैतागलो. उभा राहिलो, फोन खिडकीत टेकवला आणि दोन्ही हात ताणून खूण केली. काका. अंगठा. देऊ नको. चोर आहे. ‘चोर’ ही खूण तर अशी आहे की ती छोटी करताच येत नाही.

मायच्या मागं बसलेली माणसं हसली. एक जण फोनजवळ तोंड आणून म्हणाला, “आरं, जरा हळू बोल की. तुझा काका हितंच मागं बसलाय, त्याला दिसलं.”

मी गावाच्या मधोमध उभं राहून ओरडलो होतो. माझ्या तोंडातून शब्द न निघता.

दुसऱ्याच दिवशी नेटवाल्याचा फोन. “दादा, तुमचा काका बिघडला. वायरीला हात लावू देईना. म्हनतो, चोराच्या माळवदावरून कशाला नेता.”

आता सगळंच गेलं. काकाच्या मनात पाप असेल तर मी ते अडवलं होतं, नसेल तर मायचं घरातलं बोलणं मी माझ्या हातानं बंद केलं होतं. कोणतं ते कळायला मार्ग नव्हता. माय कट्ट्यावर यायचीही बंद झाली. मी शेजारणीला फोन करून विचारलं, तर म्हणाली, “बरी हाय, घरातच असती.” पण शेजारीण हे जरा घाईनं म्हणाली, असं मला वाटलं. तेव्हा मला सगळ्यांचंच बोलणं घाईचं वाटत होतं.

मग एके दिवशी मी इमारतीच्या गच्चीवर जोड मारत असताना नेटवाल्याचा पुन्हा फोन. “दादा, लाइन चालू झाली बरं का. तुमच्या मायच्या खोलीत राउटर बसवला.”

“काका हो म्हणाला?”

“काका शेतात व्हता. काकूनं केलं. सोता शिडी लावून वर चढली, वायर धरली. मी म्हनलं, काका काय म्हनतील? तर म्हनली, ह्या माळवदाचं सागवान माझ्या बापानं दिलंय, त्याच्यावरून काय न्हेयाचं ते मी ठरवीन.”

“आणि अंगठा?”

“तोबी काकूचाच घेतला. कनेक्शन त्यांच्या नावानं हाय.”

माझ्या हातातला जोड तुटला. काका कळण्यासारखा होता. काकू काय म्हणून? वाटणीच्या दिवशी ओसरीच्या खांबाला टेकून शपथ घालणारी हीच बाई होती: ह्या घराशी बोलेल त्याचं तोंड झडो. आता वायर तिची, नाव तिचं, माळवद तिचं. मनात आलं त्या दिवशी ती विळ्यानं कापू शकते. किंवा कापणार नाही, आणि आमच्या बोलण्याच्या बदल्यात रोज काहीतरी मागेल.

मी मावशीला म्हणालो, तर ती म्हणाली, “बाईनी दिलंय ना? मंग कायतरी बाईचा असल. आधी बघ तरी.”

रविवारी दुपारी मी खोलीवर व्हिडिओ लावला.

इतकी स्वच्छ माय मी इकडे आल्यापासून बघितली नव्हती. मागच्या भिंतीवरचे पोपडे दिसत होते, कोनाड्यातली तेलाची बाटली दिसत होती. तिचे हात पुन्हा मोठे झाले होते. ती भरभर बोलत होती: पाऊस, शेळीला दोन पिल्लं, गल्लीतल्या कुणाचं तरी लग्न मोडलं. मी हसत होतो. आणि मग माझ्या लक्षात आलं की मी काही विचारलं की उत्तर द्यायच्या आधी ती बाजूला बघते. फोनच्या डावीकडे. नेहमी तिकडेच. आणि मधेच तिच्या हातातून एखादी खूण येते, जी मला येत नाही. मनगटावर दोन बोटं टेकवायची. तळव्यावर रेघ ओढायची. ह्या आमच्या खुणा नव्हत्या. कुणाकडून आल्या?

मी विचारलं, कोण आहे तिथं?

माय म्हणाली, कुणी नाही.

तेवढ्यात बांगड्या वाजल्या.

मायला एक गोष्ट माहीत नव्हती आणि माहीत असायचं कारणही नव्हतं. व्हिडिओतून आवाजही येतो. तिच्या लेखी फोन म्हणजे काच, तिच्यातून नुसतं दिसतं. बाप गेल्यापासून तिच्या हातात बांगड्या नाहीत. ती माझ्याकडे बघून ‘कुणी नाही, कुणी नाही’ म्हणत होती आणि मला तिच्या शेजारी कुणीतरी श्वास रोखल्याचं ऐकू येत होतं. आवाज येतो हे त्या माणसाला चांगलं ठाऊक होतं.

मी तोंडानं म्हणालो, “काकू, मला ऐकू येतंय.”

मग आवाज आला, “येऊ दे. मी काय चोर हाय का?”

“तुम्ही तिथं काय करता?”

“बसलेय. माझ्या नावाचं नेट हाय, बगायला आले चालतंय का.”

“आणि तुमची शपथ?”

“शपथ तोंडाची व्हती. हाताचं कुनी बोललं न्हवतं.” काकू म्हणाली, “तुझा काका शेतात गेला की मी येतीच इकडं. तू गेलास, मग हिच्याशी कोन बोलनार? भिंत?”

माय आमच्या दोघांच्या हलणाऱ्या तोंडांकडे आळीपाळीनं बघत होती. तिला कळलं होतं की आपण पकडलो गेलो, पण कसं ते कळलं नव्हतं.

मी म्हणालो, “तुम्हाला काय पाहिजे ते सरळ सांगा. खोली पाहिजे का?”

काकू हसली नाही, चिडलीही नाही. “तुझ्या बापासारखाच हायेस,” म्हणाली. “खोली घालू का चुलीत? तू काय असा दुरून बगू लागलास? हिचं तोंड बग. जवळून बग. त्याच्यापाई तर वायर आनली.”

तिनं टेकवून ठेवलेला फोन उचलला आणि मायच्या तोंडासमोर धरला.

तुटक्या चित्रात हे मला कधी दिसलं नसतं. उजव्या बुबुळात दुधाचा थेंब पडल्यासारखं पांढरं. डाव्यातही, थोडं कमी. मी एक बोट वर केलं, माझ्या भुवईवरून ओढलं. माय फोनकडे झुकली. काचेला नाक लागेपर्यंत झुकली. मी राउटरकडे बघितलं, दिवा हिरवा. तिकडेही चित्र अडकत नव्हतं. बिघाड लाइनीत नव्हता.

“लई दिस झाले,” काकू म्हणाली. “दिवस कलला की हिला हात दिसत न्हाईत. मग मी मनगटावर करती. पानी, भाकर, कोन आलं, समदं मनगटावर नि तळव्यावर. तू बोलायचास तेबी मी असंच सांगत व्हते आत्ता. म्हनून इकडं बगती ती.”

“मला का नाही सांगितलं?”

“हिनं शपथ घातली मला. तू काम सोडून येशील म्हनून. कट्ट्यावर काय सांगंल ती, समद्यांच्या म्होरं?”

“डॉक्टर?”

“न्हेलं व्हतं मी. मोतीबिंदू हाय, काढता येतो म्हनला. पर ही तयार न्हाई. आपरेशन झालं की पट्टी बांदत्यात. दुसऱ्या डोळ्यानं आधीच धड दिसंना. ऐकू येत न्हाई, दिसनारबी न्हाई. विहिरीत टाकल्यावानी वाटंल म्हनती.”

मी खाली बसलो. मला राग येत होता आणि तो कुणावर काढावा ते कळत नव्हतं. काकानं वायर द्यायला हो का म्हटलं असेल, बायकोनं सांगितलं म्हणून की खरंच त्या अंगठ्यासाठी, हे मला आजही माहीत नाही. मी विचारलं नाही. काकूलाही नाही. पण एक कळत होतं की पट्टी बांधल्यावर मायशी बोलू शकेल असं जगात एकच माणूस आहे आणि ते मी नाही. मला मनगटावरच्या खुणा येत नव्हत्या.

“मला शिकवा,” मी म्हणालो.

“काय?”

“तुमचं ते मनगटावरचं. मी येतो, पट्टी सुटेपर्यंत राहतो. तोवर रोज शिकवा.”

काकूच्या आवाजात माझ्यासारखाच संशय आला. “येशील का खरं? का हिला तयार करायला लावशील अन् तिथंच बसशील, शेठ सोडंना म्हनून?”

शेठला मी विचारलंच नव्हतं. “येतो म्हणालो ना. तिला सांगा.”

काकूनं फोन भिंतीला टेकवून ठेवला. मग ती पहिल्यांदा चित्रात आली. केस पांढरे झाले होते, हनुवटीवरचं गोंदण फिकं पडलं होतं. तिनं मायचा हात मांडीवर घेतला. मनगटावर दोन बोटं, तळव्यावर रेघ, मग अंगठ्याच्या मुळाशी दाब, मग आणखी काहीतरी, बराच वेळ. मी डोळे फाडून बघत होतो. ती माझंच सांगते आहे की स्वतःचं काही, मला पडताळता येत नव्हतं. जिला मी ओळखत नव्हतो अशा भाषेत, जिच्यावर माझा विश्वास नव्हता अशी बाई माझ्या मायला माझं बोलणं देत होती. मी मायच्या तोंडाकडे बघत राहिलो. दुसरं काही हातात नव्हतं.

मायनं हात सोडवून घेतला, काचेकडे वळली, भुवईवरून बोट ओढलं. आणि उगवतीपासून मावळतीपर्यंत डोक्यावरून हात फिरवून बोटं उघडली.

कधी?

म्हणजे काकूनं बरोबर सांगितलं होतं. निदान तेवढं तरी.

खालून मावशी ओरडत होती, जेवाया ये, मासली थंड झाली. मी उठून उभा राहिलो, फोनपासून मागं भिंतीला टेकेपर्यंत सरकलो आणि दोन्ही हात वर उचलून गणपतीचं पोट केलं, सोंड केली, आणि ती पाण्यात सोडली. विसर्जन झालं की. खोली लहान आहे, माझी बोटं दोन्ही भिंतींना लागली.

मायला दिसलं का ते मला कळलं नाही. ती काकूकडे वळली आणि तिनं हात पुढं केला.